भट्टीवरचं दुसरं माणूस

सोमवार, ९ फेब्रुवारी

झाला एकदाचा संप!

दुपारची पाळी आत आलीच नाही. आम्ही तपासणीच्या बायका उजेडाच्या पाटीसमोर बसलेल्या, हातात बाटल्या. भोंगा झाला तरी आमच्या जागी बसायला कुणी नाही. आमच्यातली सगळ्यांत उंच, जिला आम्ही लांबी म्हणतो, तिनं हातातली बाटली उजेडाला धरली, गोल फिरवली, म्हणाली, "ही पास. आणि शेवटची. उठा गं!" उठलो. मी माझ्यासमोरच्या बाटल्या आधी एका ओळीत लावल्या, मग उठले. सवय, दुसरं काय!

फाटकाबाहेर सगळा कारखाना. फुंकणकाका एका खोक्यावर चढले. तरुणपणी तोंडानं काच फुंकायचे, त्यानं गाल सैल पडलेत, बोलताना हलतात. संपाच्या समितीत सगळ्यांत म्हातारे तेच. मला वाटलं भाषण होईल. कसलं भाषण! "मागणी एकच. भट्टीवर एकटं माणूस नको. दोन पाहिजेत. पुरे." आणि उतरले.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला ते नको होतं. पण मान खाली घातली नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

जाग आली ती शांततेनं. भिंतीपलीकडे भावजींचा खोकला नाही. त्यांच्या आणि माझ्या घरात एका विटेची भिंत. भावजींचं सकाळचं खोकणं म्हणजे जुनी मोटार चालू करावी तसं — आधी घरघर, मग दोन धक्के, मग एकदाची लागते. मी रोज त्या आवाजावर उठते. आज मोटार नाही.

धाकटी दारात उभी. माझी जाऊ. डोळे सुजलेले. "हे आतच राहिले, ताई. म्हणाले, फोरमनला संप नसतो. आग कोण बघणार?"

तिच्या खिडकीतून आणि माझ्या खिडकीतून एकच दिसतं — कारखान्याचं धुराडं. तिनं तिकडे बोट केलं. "धूर आहे बघा. म्हणजे ठीक असतील ना?"

मी हो म्हणाले. काय बोलणार?

बुधवार, ११ फेब्रुवारी

लिहून ठेवते, कारण माणसं विसरतात.

आमच्या काचकारखान्यात भांडण कितीही पेटो, आग विझू द्यायची नाही. भट्टी गार झाली की आतला काचेचा रस दगडासारखा बसतो, विटा फुटतात, भट्टी कायमची जाते. मालक जातो, आपणही जातो. म्हणून आजवरच्या प्रत्येक संपात आमचीच दोन माणसं दंडाला पांढरी पट्टी बांधून आत बसायची. जागले म्हणतात त्यांना. पट्टीवाल्याला कुणी फितूर म्हणत नाही. मालकही त्याला दुसरं काम लावत नाही. कागदावर कुठेच नाही हे, पण मोडलंही कुणी नव्हतं.

आता नवा साहेब म्हणतो, जागल्या एकच मिळेल. का? तर दोन घेतले की भट्टीला दोन माणसं लागतात हे कबूल केल्यासारखं होईल! समिती म्हणते, दोन, नाहीतर कुणीच नाही. म्हणून आत भावजी. दिवसाही तेच, रात्रीही तेच.

लांबी साहेबाबद्दल म्हणाली, "वरून चकचकीत, बुडात बुडबुडा." आम्ही बायका माणसंही बाटल्यांसारखी पारखतो. मी म्हणाले, बुडबुडा असला तरी बाटली पाणी धरते. ती म्हणाली, "गरम ओतून बघ!"

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पेपरात आमची बातमी! चहाच्या दुकानात लांबीनं माझ्यापुढे सरकवला. "वाच मोठ्यानं, तू आमची पंडित."

पंडित कसली. बाटल्या गुंडाळायला जुनी रद्दी यायची, त्यातून एकेक अक्षर लावत शिकले. त्यामुळे जगात काय झालं ते मला महिनाभरानं कळायचं. मी घरी येऊन सांगायचे आणि हे हसायचे — "अगं, ती लढाई संपलीसुद्धा!" मग मुद्दाम विचारायचे, "बरं, कोण जिंकलं ते तरी आलंय का तुझ्या रद्दीत?"

तर बातमी. 'संपामुळे कामाचे हजारो दिवस वाया.' मी म्हटलं हजारो कुठले, आत्ता तर बसलोय. मग लक्षात आलं — प्रत्येक माणसाचा रोज एकेक दिवस धरायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. अशी रीत आहे मोजायची.

घरी आले तरी तो आकडा डोक्यातून जाईना.

हे भट्टीवर एकटे असताना गेले, त्याची चौकशी झाली होती. कचेरीतला माणूस कागद वाचून दाखवायला आला होता. मी म्हटलं द्या इकडे, येतं मला. शेवटची ओळ अजून पाठ आहे — 'उत्पादनात कोणताही खंड पडला नाही.'

म्हणजे ह्यांच्या मरणानं कामाचा एकही दिवस वाया गेला नाही!

शनिवार, १४ फेब्रुवारी

घसा बसला घोषणा देऊन. पाय सुजले. उद्या पुन्हा.

रविवार, १५ फेब्रुवारी

धाकटी आज फुटली.

मी तिच्याकडे भांडं परत द्यायला गेले होते. ती धुराड्याकडे बघत उभी. दिवसभर तेच करते. म्हणाली, "तुमचं बरं आहे, ताई. तुमचं जायचं ते गेलं. आता दुसऱ्या भावाला तिथंच घालवा, म्हणजे मागणी पक्की होईल."

भांडं ठेवलं आणि निघून आले.

ती वाईट नाही. भीती बोलत होती. आणि खोटं काय बोलली? आम्ही दोन मागतोय, म्हणून आत एक आहे. तो एक माझा दीर आहे. माझ्या लग्नात माझ्या चपला लपवणारा, पुढे आपल्या दादाच्या, म्हणजे ह्यांच्याच हाताखाली भट्टी शिकलेला.

पण मागणी सोडायची? मग ह्यांच्या जागी उद्या कुणाचा तरी मुलगा एकटा बसेल. नाही. मागणी सोडायची नाही आणि भावजींनाही सोडायचं नाही. दोन्ही कसं जमवायचं ते मला माहीत नाही. पण जमवायचं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

ही एक गोष्ट आजवर लिहिली नव्हती.

हे गेले त्या सकाळी मीही खिडकीतून धूर पाहिला होता. छान सरळ धूर. म्हटलं, आले आता हे. चहा टाकला — दोन कप. तो उकळला, आटला. हे तेव्हा भट्टीच्या चौथऱ्यावर पडलेले होते. मध्यरात्रीपासून. आग आपली जळत होती, धूर आपला निघत होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कुणी जवळ असतं तर.

इथे सगळा गाव धूर बघतो आणि माणूस ठीक आहे असं समजतो. पिढ्यान् पिढ्या तीच चूक. धूर आगीची खबर देतो. माणसाची नाही.

धाकटीला हे सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. सांगून तिला झोप लागणार आहे का!

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सुचलं! इतकं सोपं होतं!

भावजींचा डबा धाकटी फाटकावर देते, वॉचमन आत पोचवतो. तिच्या गुडघ्याला जिना झेपत नाही. पण घरच्या माणसानं डबा वर न्यायला साहेबाची ना नाही — वॉचमनलाच विचारलं.

मी धाकटीला म्हटलं, डबा माझ्याकडे दे. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जाल? तिथं?"

"जिना तर आहे," मी म्हटलं, "चढायचा."

बुधवार, १८ फेब्रुवारी

गेले.

ह्यांच्यानंतर पहिल्यांदा त्या चौथऱ्यावर. तपासणीची खोली दुसऱ्या टोकाला, तिथून इथं यायचं कामच पडत नाही. पडलं असतं तरी आले नसते. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर गरम. वर पोचले तर तोंडावर झळ, आणि भावजी. दाढी वाढलेली, डोळे लाल, ओठ फुटलेले. मला बघून उठलेच. "वहिनी! तुम्ही कशाला? इथं तुम्ही नको."

"डबा आहे. खा. मी बसते."

बसायला एकच स्टूल. नेहमीच एक. त्यांनी ते मला दिलं आणि स्वतः पायरीवर बसून जेवले. दोन घास झाले की उठायचे. आमच्या भट्टीला दोन्ही अंगांना आग. थोडा वेळ डावीकडून जाळायची, थोडा वेळ उजवीकडून. भावजी म्हणतात, आगीला कूस बदलायला लावायची. तेलाची तोटी बंद करायची, मग मोठा दांडा दोन्ही हातांनी पलीकडे लोटायचा, मग दुसऱ्या बाजूची तोटी उघडायची. मधे क्षणभर भट्टीत आगच नसते. रात्रंदिवस हे चालूच. मग माणूस झोपणार कधी?

विचारलं तर म्हणाले, "डुलक्या काढतो. कोंबडीसारखा."

जेवण झालं. मी उठले नाही. पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचत बसले. ते बघत राहिले. "वहिनी, डबा रिकामा झाला."

"मला धडा संपवायचाय."

संध्याकाळपर्यंत धडा काही संपला नाही!

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन गेले. वॉचमन म्हणाला, "डब्याबरोबर स्टूल कशाला?" मी म्हटलं, डबा जड आहे, वाटेत टेकावं लागतं. तो हसला, सोडलं.

मी बसते, भावजी जिन्याच्या सावलीत आडवे होतात. कूस बदलायची वेळ झाली की मी हाक मारते. आज ते घोरले! एवढ्या धगधगाटात घोरणं ऐकून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

शनिवार, २१ फेब्रुवारी

लांबीनं फाटकावर अडवलं. "काय गं, रोज आत? डबा पोचवायला दिवस लागतो?"

खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दुसरं माणूस आपण फुकट दिलं. साहेबाचं भलंच झालं की! आपण बाहेर बसून दोन मागतोय आणि तू आत जाऊन दोन करतेस."

फुंकणकाका बाजूला बसून ऐकत होते. गाल हलले. "तिला पट्टी द्या," एवढंच.

लांबीनं तणतणत आपल्या ओढणीची कड फाडली. पांढरी होती. माझ्या दंडाला बांधली ती इतकी घट्ट की हाताला मुंग्या आल्या.

सोमवार, २३ फेब्रुवारी

भावजींना जुना पेपर वाचून दाखवला, तोच, कामाचे दिवस वाया गेल्याचा. ते पायरीवरून ओरडले, "वाया? मग मी इथे काय झोपा काढतोय?"

"काढताय की, माझ्या जिवावर!"

हसता हसता खोकला लागला. मोटार सुरू झाली ती थांबेचना. कठड्याला धरून उभे राहिले. मला तो आवाज नाही आवडला. घरचा खोकला कोरडा असतो.

मग म्हणाले, "दादा असता तर बाहेर बसला असता. मला शिव्या घातल्या असत्या."

"घातल्या असत्या. आणि डबाही आणला असता."

ते उठले. मग मला दांडा कसा लोटायचा ते दाखवलं. मी विचारलं नव्हतं. "बघून ठेवा. आणि इथला नियम ठाऊक आहे ना? कुणी पडलं तरी आधी आग, मग माणूस."

"कुणी केला हा नियम?"

"जुना आहे."

"असेल," मी म्हटलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

फाटकावर नोटीस. 'कामगार कामावर परतू लागले आहेत. तपासणी विभागातील एक महिला हजर.' तारीख, शिक्का, सगळं.

ती महिला म्हणजे मी!

पट्टीवाल्याला हजर दाखवायचं — हे आजवर कुणी केलं नव्हतं. सकाळी गेले तर माणसं बाजूला सरकली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्या परवडल्या असत्या. एक जण फक्त म्हणाला, "फुटकी." तपासणीतला शब्द. जिला बाजूच्या पेटीत टाकतो ती.

पाय निघेना. मागे फिरले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण वर भावजी कुठल्याही क्षणी डुलकीत जातील. दंड वर केला, पट्टी सगळ्यांना दिसेल असा, आणि तशीच आत गेले. हात दुखेपर्यंत खाली केला नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

साहेबाच्या खोलीत गेले. बोलावलं नव्हतं. म्हटलं, फाटकावरची नोटीस काढून टाका, मी हजर नाही, मी जागल्या आहे.

"मावशी, तुमचा पगार चालू केलाय. तक्रार काय आहे?"

मावशी! माझ्या भाच्यांनीही इतक्या प्रेमानं हाक मारली नसेल.

"तुम्ही पगार कशाचा देता?" मी विचारलं.

"भट्टीवर असल्याचा."

"मग भट्टीवर दोन माणसं लागतात हे तुम्हीच लिहून दिलंत की!"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नोटीस दुपारी फाटकावरून उतरली.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

लांबीनं सगळ्या फाटकाला नकलेसकट ऐकवलं. मी न बोललेली तीन वाक्यंही माझ्या तोंडी घातली. 'फुटकी' म्हणणारा तो माणूस चहा घेऊन आला. साखर नव्हती. प्यायले.

रविवार, १ मार्च

धाकटी रात्री माझ्याकडे झोपायला आली. त्या दिवशीच्या बोलण्याची आठवण काढली नाही, मीही नाही. केस विंचरता विंचरता म्हणाली, "ताई, आज धूर बघितलाच नाही मी. तुम्ही होता ना वर."

पण रात्री तिथे मी नसते. साहेब अंधार पडल्यावर थांबू देत नाही. तेवढाच काळ माझा जीव टांगणीला. सकाळी जिना चढताना आधी हाक मारते, "भावजी!" मग पाय टाकते.

मंगळवार, ३ मार्च

बोलणी फिसकटली. साहेब म्हणतो दिवसा दोन, रात्री एकच. समितीनं नाही म्हटलं. माणसं रात्रीच मरतात, असं लांबी म्हणाली.

भावजींच्या पायांना सूज. घरी चला म्हटलं तर म्हणाले, आग कुणाच्या हातात देऊ?

गुरुवार, ५ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर लागेल की नाही कोण जाणे.

दुपारची वेळ. मी पुस्तक वाचत होते. कूस बदलायची वेळ झाली, हाक मारली. भावजी उठले. डावीकडची तोटी बंद केली. दांड्याला हात घातला, अर्धा लोटला, आणि हात दांड्यावरच राहिला. म्हणाले, "वहिनी, जरा—" पुढे नाही. बसले आधी, मग कलंडले.

भट्टीचा आवाज थांबला. तो आवाज नसताना तो चौथरा मी कधी ऐकलाच नव्हता.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते. बोलता येत नव्हतं, पण ते दांड्याकडे बघत होते. माझ्याकडे, मग दांड्याकडे. कळलं मला काय म्हणतायत. दांडा चार पावलांवर. मला येत होतं ते करायला. पण त्याला दोन्ही हात लागतात, सगळं अंग लावावं लागतं, आणि माझे दोन्ही हात त्यांच्या डोक्याखाली होते. धाप लागली होती त्यांना, ओठ निळे पडत होते.

मी म्हटलं, "नाही भावजी. आधी तुम्ही."

त्यांना कुशीवर वळवलं, गळ्याची बटणं तोडली, आणि खिडकीशी जाऊन ओरडले. घसा बसलेला आहे माझा. तरी ओरडले. पांढरी पट्टी काढली आणि ती हलवली.

लांबीनं पाहिलं. ती सगळ्यांत उंच, तिलाच दिसणार! वॉचमन आडवा नाही आला, उलट फाटक त्यानंच ओढलं. चार बायका आणि ती जिन्यावरून धडधडत वर. भावजींना खाली उतरवलं ते कसं, मला आठवत नाही. बाटल्यांच्या ढकलगाडीवर घातलं. खडखड खडखड रस्त्यानं. मी त्यांचं डोकं धरून धावत होते. धाकटी अर्ध्या वाटेत मिळाली, पायात चपला नाहीत. गुडघा दुखतो म्हणणारी ती गाडीच्या पुढे पळत होती!

डॉक्टर आत्ता बाहेर आले. म्हणाले, "वेळेवर आणलंत."

हे दोन शब्द मी ऐकले आणि भिंतीला टेकून बसले. चार वर्षांपूर्वी हेच शब्द हवे होते मला. कुणाच्या तरी कामी आले. येऊ देत.

लांबी कारखान्याकडे जाऊन आली. आग विझलीय. फुंकणकाका आणि भट्टीची सगळी माणसं फाटकाशी उभी आहेत, वर जायला तयार. रात्र पडायच्या आत पेटवली तर भट्टी वाचेल, नंतर रस बसेल. पण साहेबानं कागद आणलाय. जो वर जाईल त्यानं आधी सही करायची — संप मागे, रात्री एकच माणूस मान्य. सही नाही तर आत पाऊल नाही.

"काय करतायत?" मी विचारलं.

"उभे आहेत," लांबी म्हणाली. "म्हातारा धुराड्याकडे बघतोय."

मी आग सोडली. सगळ्यांचं पोटपाणी त्या आगीवर. त्यांनी सही केली तर मी कुणाला काय बोलू? सगळ्यांच्या घरी मुलं आहेत. आणि नाही केली, तर ती भट्टी मी विझवली असं जन्मभर ऐकावं लागेल. ऐकेन. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझं मन फिरायला नको.

लांबी पुन्हा गेलीय बघायला. बाहेर ऊन उतरतंय.

बुधवार, ११ मार्च

काल भावजींना घरी आणलं.

सकाळी उठले, सवयीनं खिडकीशी गेले. धुराड्यातून धूर नाही. सही कुणीच केली नाही. फुंकणकाका त्या संध्याकाळी एवढंच बोलले म्हणे — "भट्टी पुन्हा बांधता येते."

आकाश नुसतं निळं. मी बघत उभी होते तेवढ्यात भिंतीपलीकडे घरघर झाली. दोन धक्के. मग मोटार लागली.

चहा टाकला. तीन कप.